बाबेलात बाग लाव

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. व्यसनमुक्तीच्या सेंटरमधून घरी आल्यापासून मंडळीतली माणसं तुला सकाळ-संध्याकाळ व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलातली वचनं पाठवतात, त्यात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ तर ठरलेलंच. देवाने तुझ्यासाठी हिताचे संकल्प केले आहेत, तुला आशा आणि भविष्य द्यायचं ठरवलं आहे. ते वाचून तुला काहीच वाटत नाही, कधीकधी रागच येतो आणि मग त्या रागाची भीती वाटते, असं तू लिहिलंस. ‘माझा विश्वासच संपला असेल तर?’ असं विचारलंस.

तुझ्या विश्वासाची मला काळजी वाटत नाही, बाळा. ते वचन तुझ्यापर्यंत तुटून आलं आहे. फुलांच्या चित्रावर छापलेलं एक वाक्य आलं, पण त्याच्या आधीचं जे सगळं आहे, जे खरं तर तुझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, ते कुणी पाठवलं नाही. म्हणून आज रात्री फोन बाजूला ठेव आणि यिर्मयाचा अठ्ठाविसावा व एकोणतिसावा अध्याय एका बैठकीत वाच.

इसवी सन पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेहून राजाला, राजमातेला, कारागिरांना, लोहारांना धरून नेलं. घरदार गेलं, मंदिर दुरावलं. यरुशलेमेत मागे उरलेल्यांमध्ये हनन्या नावाचा संदेष्टा होता. तो मंदिरात सर्वांसमोर उभा राहून सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, तेही तो काढून मोडून टाकतो. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मयासुद्धा ‘आमेन, परमेश्वर तसंच करो’ म्हणतो. त्यालाही तेच हवं होतं. पण ते खरं नव्हतं. म्हणून तो बाबेलातल्या कैद्यांना पत्र लिहितो. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागतील. एवढं सगळं सांगून झाल्यावर मग ते अकरावं वचन येतं.

आता ते पुन्हा वाच. ज्याला दोन वर्षांत सुटका हवी आहे त्याला हे वचन म्हणजे थट्टा वाटेल. पण ज्याने मान्य केलं आहे की हा पल्ला लांबचा आहे, त्याच्या हातात ते काम देतं: घर बांध, बाग लाव, आजचं जेवण कर. शास्त्रातली आशा मला तरी अशीच भेटली आहे, पडझडीच्या मधोमध आणि अंगमेहनतीला जोडलेली. प्रेषित पौलानेही रोमकरांना लिहिताना आशा शेवटी ठेवली आहे. आधी संकट, संकटातून धीर, धीरातून शील आणि मग आशा. तू या साखळीच्या पहिल्या कडीवर उभा आहेस आणि शेवटची कडी हाताला लागत नाही म्हणून स्वतःला बोल लावतो आहेस.

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नोकरी करताना मला हनन्या रोज दिसायचा. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘दारू सोडवा, पेशंटच्या नकळत’ असल्या कागदांत तो असतो. तुझ्या आईच्या हाती असा कागद पडला तर तिला माझ्याशी बोलायला सांग. दारूविरुद्धची गोळी, डायसल्फिराम, जेवणात गुपचूप मिसळली आणि त्या माणसाने वरून दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. ती गोळी डॉक्टरने द्यायची असते आणि घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं लागतं. हनन्या कधी मंडळीतही भेटतो. एका रात्रीत सुटलो, पुन्हा वासही नकोसा झाला, अशी साक्ष कुणी उभं राहून देतं. असं घडतं, मी पाहिलं आहे, आणि त्या माणसासाठी देवाची स्तुतीच करते. पण त्याची रात्र तुझ्यासाठी मोजपट्टी नाही.

तुला गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या त्या भाऊंना माझा सलाम सांग आणि २ राजे, अध्याय २० दाखव. हिज्कीया राजा मरायला टेकला होता. देवाने स्वतः निरोप पाठवला की मी तुला बरं करतो, तुझ्या आयुष्यात पंधरा वर्षं वाढवतो. एवढं वचन मिळाल्यावरही यशया संदेष्टा म्हणतो, अंजिरांची ढेप आणा, आणि ती गळवावर बांधतात. वचन देणाऱ्या देवाला लेप चालला, तर तुझी बी-वन जीवनसत्त्वाची गोळी आणि तलफ कमी करणारं औषध त्याला का चालू नये? डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते, कारण ती जिवाशी आहे. कधी पाय घसरला आणि चार-आठ दिवस सलग पिणं झालं, तर घरात कोंडून घेऊन, उपवास-प्रार्थना धरून एकदम बंद करू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्या शरीराची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊन माणूस हातचा जाऊ शकतो. सरळ रुग्णालय गाठायचं. मला फोन करायचा. मी उचलला नाही तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. लाज नंतर वाटून घे.

शरीराचं म्हणशील तर एलीया संदेष्ट्याकडे बघ. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस दुसऱ्याच दिवसापासून जीव घेऊन पळतो आणि रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. ऊठ, खा, म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खाऊ घालतो, कारण वाट लांबची आहे. देवाचा मंद वाणीतला आवाज पुढे चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर येतो. तुला सध्या वचन वाचून काही वाटत नाही, याचं कारण पुष्कळदा झोपेत आणि पोटात असतं. दारू सुटल्यावर मेंदू आणि झोप थाऱ्यावर यायला महिने लागतात, मन कोरडं पडल्यासारखं होतं. वेळेवर जेव. नालासोपाऱ्याहून सकाळची गाडी पकडायची तर रात्री दहाला दिवा मालव. रिकाम्या पोटी संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या बारसमोरून जाऊ नकोस, पुलाच्या दुसऱ्या टोकाने उतर. वांद्र्यात फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, आणि कॅथलिक धर्मगुरू असून व्यसनी माणसांना आसनं आणि श्वास शिकवत आले. पुष्कळांना त्याचं नवल वाटलं. मला तरी त्यात एलीयाची भाकरच दिसते.

मार्काच्या आठव्या अध्यायात एक चमत्कार आहे, तो बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत नाही. बेथसैदाच्या आंधळ्याला येशू हाताला धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांना स्पर्श करतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो माणूस खरं बोलतो. माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशू त्याला रागावत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही. पुन्हा हात ठेवतो, तेव्हा सगळं स्पष्ट दिसतं. त्या दोन स्पर्शांच्या मध्ये तो माणूस किती वेळ उभा होता, कोण जाणे. तू सध्या तिथे आहेस. दारू सुटली आहे, पण जग धूसर आहे. पूर्ण बरा झाल्याचं सोंग करू नकोस. पास्टरांनी विचारलं, कसा आहेस, तर झाडं दिसतात म्हणून सांग. त्यांना कळेल.

आता दादाबद्दल. तो पाकीट कपाटात कुलपात ठेवतो, तुझ्याशी जेवणाच्या ताटावरही बोलत नाही, याचं तुला फार लागलं आहे. पैसे उडवून घरी परतलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत सगळे बापाच्या मिठीशी थांबतात. पण लूकच्या पंधराव्या अध्यायात ती गोष्ट थोरल्या भावाशी येऊन संपते. तो शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि आत यायला नकार देतो. इतकी वर्षं राबल्याचा हिशेब बापाला सांगतो. तो हिशेब खोटा नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर जातो, समजूत घालतो. पुढे तो आत आला की नाही, येशूने सांगितलंच नाही. तुझ्या घरी कर्जाचे हप्ते दादाने भरले, आईला रात्री-बेरात्री दवाखान्यात त्याने नेलं. त्याला अंगणात उभं राहायचा हक्क आहे. त्याची समजूत घालायचं काम बापाचं होतं, धाकट्याचं नव्हतं. तू तुझा पगार आईच्या हातात दे, सांगितलेल्या वेळी घरी ये आणि त्याच्याकडून क्षमेची वसुली करू नकोस.

आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची, मीटिंग सोडू नकोस. ‘तिथे येशूचं नाव घेत नाहीत, ख्रिस्ती माणसाने का जावं’ असा प्रश्न तुझ्या आत्याने केला. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात झाली. त्यांचं स्वतःचं पुस्तक लिहून व्हायच्या आधी ती माणसं डोंगरावरचं प्रवचन, पहिल्या करिंथकरांचा तेरावा अध्याय आणि याकोबाचं पत्र वाचत. एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा, असं याकोब सांगतो, आणि मुंबईत ते कबूल करणं शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये, मराठीतूनही, रोज कुठे ना कुठे चालू असतं. तिथे ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात तेव्हा मला इस्राएल लोकांना रानात रोज देवाकडून मिळणारं अन्न, मान्ना, आठवतो. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडत. मेलेल्या लाजाराला येशूने हाक मारून कबरेबाहेर काढलं, पण त्याच्या हातापायांच्या पट्ट्या सोडायला आजूबाजूच्या माणसांना सांगितलं. त्या पट्ट्या स्वतःच्या हाताने सुटत नाहीत. हात बांधलेले असतात.

नाताळ तोंडावर आला आहे, त्याचं बोलू. कॅरलच्या फेरीत घरोघरी ताट पुढे येईल. करंज्या, केक आणि घरी केलेली वाईन. फळं रममध्ये भिजवलेला केक आधी विचारून घे, शंका आली तर नको म्हण. कुणीतरी हसत काना गावचं लग्न काढील, येशूने तिथे पाण्याचा द्राक्षारस केला म्हणून. कुणी पौलाचा सोबती तीमथ्य याचं दुखरं पोट काढील, पौलानेच त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला म्हणून. वाद घालू नकोस. यिर्मयाच्याच पस्तिसाव्या अध्यायात रेखाबी लोक आहेत. यिर्मया त्यांना मंदिरात नेतो, द्राक्षारसाने भरलेले पेले पुढे ठेवतो आणि प्या म्हणतो. ते म्हणतात, आम्ही द्राक्षारस पीत नाही. पूर्वजाचा शब्द असा पाळल्याबद्दल देवाने त्यांचं कौतुक केलं आहे. तेच वाक्य पाठ कर आणि कारणं देत बसू नकोस. प्रभुभोजनाच्या पेल्यात काय असतं ते पास्टरांना आधीच विचार. वाईन असेल तर तुझ्यासाठी द्राक्षांचा साधा रस ठेवायला सांग, हे मागायला संकोच नको. चुलतबहिणीचं लग्न कॅथलिक चर्चमध्ये आहे, तिथे आपण तसेही कम्युनियन घेत नाही, पण नंतर हॉलमध्ये टोस्ट असेल. हातात आधीच सरबताचा ग्लास धर, आणि आईला घेऊन लवकर नीघ.

तुला तलफ येते तेव्हा वाचायला एक जागा देते. नीतिसूत्रे, अध्याय २३, वचन २९पासून शेवटपर्यंत. पिणाऱ्याचे लाल डोळे, विनाकारण झालेल्या जखमा, डोलकाठीच्या टोकावर झोपल्यासारखं गरगरणं, मारलं तरी लागलं नाही म्हणणं, आणि शुद्ध आली की पुन्हा तेच शोधीन हे शेवटचं वाक्य. तुझी आतली गोष्ट एवढ्या जवळून पाहून कुणीतरी शास्त्रात लिहून ठेवली आहे. ती मोठ्याने वाच, मग मला किंवा मीटिंगमधल्या तुझ्या जुन्या मार्गदर्शकाला, स्पॉन्सरला, फोन लाव, आणि पंधरा-वीस मिनिटं बोलत राहा. तलफ चढते तशी उतरते.

एकतीस तारखेच्या रात्री मात्र एकटा राहू नकोस. वर्षाअखेरच्या उपासनेला ये, आपल्या बाकावर जागा धरून ठेवते. तिथून आमच्याकडे जेवायला यायचं, आईला घेऊन. केक संत्र्याच्या रसातला करणार आहे. दादालाही माझ्यातर्फे बोलाव. आला तर फारच बरं, नाही आला तर त्याचा डबा भरून ठेवीन, तो तू घेऊन जा.

तुझी,
मावशी