प्रश्न तुमचे: तिरितिरी मातांगीला जाताय? मग बॅग घरीच एकदा पूर्ण रिकामी करा

प्रश्न : माझी मुलगी ऑकलंडला असते, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. तिने तिरितिरी मातांगी नावाच्या बेटाचं फेरीबोटीचं बुकिंग केलंय आणि आत्तापासूनच सूचना सुरू, बूट घासून आणा, बॅगेचे सगळे कप्पे रिकामे करून परत भरा, तोंड उघडी पिशवी अजिबात नको. एका दिवसाच्या सहलीला एवढं कशासाठी?

उत्तर : ताई, मुलगी अगदी बरोबर सांगतेय, आणि मी तर म्हणेन की त्या सहलीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे, बाकी पक्षी बघणं वगैरे नंतर.

असं आहे की माणूस पोचायच्या आधी न्यूझीलंडमध्ये जमिनीवर राहणारे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं होती. त्यामुळे तिथल्या कितीतरी पक्ष्यांना उडायची गरजच राहिली नाही, घरटी जमिनीवर, नाहीतर बिळात. मग माणसांबरोबर उंदीर आले, मांजरं आली, सशांचा बंदोबस्त करायला म्हणून मुद्दाम स्टोट आणले (मुंगसासारखा दिसतो तो) आणि ह्या पक्ष्यांना पळायचं असतं हेच माहीत नव्हतं. आता त्यातले बरेचसे उरलेत ते अशा छोट्या बेटांवर, जिथे हे शिकारी नाहीत.

तिरितिरी मातांगी जेमतेम 220 हेक्टरचं आहे. शंभर वर्षांच्या वर तिथे गुरं-मेंढ्या चरत होत्या, जंगल जवळजवळ संपलेलं. 1984 ते 1994 ह्या दहा वर्षांत साध्या स्वयंसेवकांनी, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या लोकांनी, तिथे अडीच लाखांहून जास्त झाडं लावली. 1993 ला बेटावरचे उंदीर संपवले. ह्याच्या आधी आणि नंतरही एकेक करून पक्षी आणून सोडले. हे सगळं एका बॅगेमुळे बिघडू शकतं, अतिशयोक्ती नाही करत.

एक खरा प्रयोग सांगते. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी एका उंदराला रेडिओ कॉलर लावून त्याच भागातल्या एका निर्मनुष्य छोट्या बेटावर सोडलं, एकच उंदीर, तोही कुठे सोडला ते माहीत असलेला. सापळे लावले, आमिषं ठेवली, शिकवलेली कुत्री आणली, दहा आठवडे हाती लागला नाही आणि मग चक्क 400 मीटर पोहून शेजारच्या बेटावर गेला! पकडायला एकूण 18 आठवडे लागले. आता विचार करा, कोणाच्या बॅगेतून गुपचूप उतरलेली पोटुशी उंदरीण कोण आणि कधी शोधणार. तिरितिरी किनाऱ्यापासून तीन-साडेतीन किलोमीटर आत आहे, तेवढं पोहत येणं उंदराला अवघड, म्हणजे त्याला यायचं तर आपली बोट आणि आपलं सामान हाच सोपा रस्ता. मुंग्यांचंही तेच, अर्जेंटाईन मुंग्या 2000 साली तिथे सापडल्या त्या पूर्ण घालवायला कित्येक वर्षं गेली.

म्हणून बॅग आदल्या रात्री भरून जमिनीवर उघडी ठेवू नका, सकाळी भरा, झिप लावा. डबा घट्ट झाकणाचा. बुटाच्या तळव्यातली माती टोकदार काडीने काढा, मोज्यात आणि वेल्क्रोमध्ये गवताचं बी अडकतं ते बघा, छत्रीची घडीसुद्धा उघडून झटका. धक्क्यावर परत तपासणी होईल, पण घरी बघितलेलं जास्त चांगलं.

प्रश्न : तिथले लोक स्वतःच पक्ष्यांना साखरेचं पाणी ठेवतात असं वाचलं, मग आम्ही बिस्किटाचा तुकडा दिला तर काय बिघडलं? आणि मिस्टरांना फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलवायचंय, फोटोसाठी.

उत्तर : ते पाणी हिही नावाच्या पक्ष्यासाठी असतं. 1880 च्या दशकापर्यंत हिही फक्त एका बेटावर उरला होता, तिथून 1995 ला काही तिरितिरीला आणले. जंगल अजून तरुण आहे, पुरेसा मधुरस नाही, आणि जो आहे तो मोठे पक्षी हिहीला मिळू देत नाहीत. म्हणून जाळी लावलेल्या पिंजऱ्यात मोजून केलेलं पाणी, भांडी नीट धुऊन, कारण एकाच भांड्यावर सगळे आले की रोग झपाट्याने पसरतो. बिस्किटात ह्यातलं काय आहे? ताकाहे तर तुमच्या डब्यापाशी स्वतःच चालत येईल, मोठा निळा-हिरवा लाल चोचीचा पक्षी, नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते आणि 1948 ला डोंगरात पुन्हा सापडला. गवताचे कोंब खाणारा पक्षी आहे तो. डबा बंद करा, बॅग मांडीवर घ्या, त्याला जाऊ द्या.

आणि आवाज लावायचा नाही, मिस्टरांना स्पष्ट सांगा. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, तो घरटं सोडून भांडायला येतो, तेवढा वेळ अंडी उघडी. वाटेवर पंधरा मिनिटं गप्प बसा, ते जास्त चालतं. पण वाटेवरच, बाजूच्या मऊ जमिनीत बिळं असतात आणि पाय पडला की आतल्या पिल्लासकट खचतात.

प्रश्न : नातवाला पिसं गोळा करायचा नाद आहे. खाली पडलेलं एखादं घेतलं तर?

उत्तर : नाही. 1953 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे संरक्षित पक्ष्याचं पीससुद्धा परवानगीशिवाय नेता येत नाही. फोटो काढायला सांगा, वहीत चित्र काढू दे.

प्रश्न : आणि एवढं करूनही बॅगेत काही हललं तर?

उत्तर : फार छान विचारलंत, हे कोणी विचारत नाही. बॅग उघडू नका, झटकू तर मुळीच नका, बघायला म्हणून हातही घालू नका. झिप ओढून घ्या, बोटीवर असाल तर बोटीवरच्या माणसाला आणि बेटावर असाल तर रेंजरला लगेच सांगा. लाज वाटून गप्प राहू नका, तुम्ही सांगितलंत तर त्यांना उलट बरंच वाटेल.