ऑर्ग मोडमध्ये सेटिंग बदलूनही स्क्रीन तशीच?
ऑर्ग मोड म्हणजे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधली नोट्स आणि याद्या लिहायची सोय. सगळ्यात आधी ईमॅक्स 'मायनस कॅपिटल क्यू' (-Q) देऊन चालू कर, म्हणजे तुझी कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल अजिबात लोड होत नाही, आणि तीच ऑर्ग फाइल उघडून बघ. तिथे नीट दिसली तर घोळ तुझ्याच कॉन्फिगमध्ये आहे. अर्धी कॉन्फिग कमेंट करून (म्हणजे न पुसता बंद करून) बघ, मग उरलेल्याची अर्धी, पाच-सहा फेऱ्यांत सापडतं. कंटाळवाणं आहे पण अंदाजाने दहा ठिकाणी हात घालण्यापेक्षा बरं.

दुसरं म्हणजे फाइलच्या वर 'स्टार्टअप'ची (#+STARTUP: ने सुरू होणारी) ओळ आहे का बघ, कारण ती त्या फाइलपुरती तुझ्या कॉन्फिगला दाबते. मी एकदा अख्खी संध्याकाळ इंडेंट का होत नाही (मजकूर आत का सरकत नाही) म्हणून घालवली आणि वर मीच 'नोइंडेंट' लिहून ठेवलेलं! ती ओळ बदललीस की कर्सर तिच्यावर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाब, नाहीतर फाइल पुन्हा उघडेपर्यंत बदल लागू होत नाही आणि आपण उगाच डोकं खाजवत बसतो.

आणि हो, इंडेंट मोडमध्ये दिसणारी डावीकडची जागा फक्त दिसण्यापुरती असते, फाइलमध्ये स्पेस नसतात, त्यामुळे दुसऱ्या एडिटरमध्ये सगळं डावीकडे चिकटलेलं दिसलं तर घाबरू नकोस.

टेबलाचे खांब वाकडे दिसत असतील तर बहुतेक फॉन्टचा प्रॉब्लेम, सगळी अक्षरं सारख्या रुंदीची लागतात. देवनागरी मजकूर असला की तेवढ्यानेही भागत नाही, मी तर अशा टेबलांचा नाद सोडलाय.