वांगी खुजी राहिली? आधी तिथे काय होते ते सांगा

प्रश्न : एकाच दिवशी, एकाच वाफ्यातली वांग्याची रोपे लावली. ज्वारीच्या जागेवरची झाडे जोमात आहेत. टोमॅटोच्या जागेवरची खुजी राहिली, दुपारी माना टाकतात. दुकानदाराने बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) आणि जादा डीएपी सांगितले आहे. देऊ का?

उत्तर : नको. दोन्ही नको. आधी खुरप्याने माती सैल करून एक झाड मुळासकट काढा. मुळे जागोजागी फुगून गाठी झाल्या असतील तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारा, डोळ्यांना न दिसणारा बारीक जंत. टोमॅटोवर पोसला, अंडी घालून जमिनीत राहिला, आणि तुम्ही त्याच कुळातले पीक त्याच्या तोंडाशी आणून लावले. (हरभऱ्याच्या मुळावरची नत्राची गाठ बोटाने सुटते, आतून गुलाबी निघते. ही सुटत नाही, कारण मूळच फुगलेले असते.) गाठी नसतील तर खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्यात धरा. दुधी धार सुटली तर जिवाणूजन्य मर आहे. झाड उपटून नष्ट करा, तिथले पाणी पुढे वाहू देऊ नका.

साध्या बुरशीनाशकाने सूत्रकृमी मरत नाही. उलट तुम्ही ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घातली असेल तर ती मरू शकते. डीएपीतल्या जादा स्फुरदाने मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी मागे हटते. मुळे न बघता दिलेला सल्ला हा सल्ला नसतो, विक्री असते. तोडणी चालू असताना दाणेदार विष तर अजिबात टाकू नका, ते फळात उतरू शकते. दुप्पट मात्रा म्हणजे दुप्पट गुण नव्हे.

माझा आग्रह झेंडूचा. काठाला दोन ओळी लावून भागत नाही; वांगी निघाल्यावर त्या तुकड्यात किमान दोन महिने दाट, सलग झेंडू घ्या. त्याआधी उन्हाळ्यात खोल नांगरट करा. पुढे टोमॅटो, मिरची, वांगी तिथे लगेच नको.

ज्वारीनंतरचे पीक सुरुवातीला पिवळे दिसले तर घाबरून युरिया ओतू नका. धसकटे कुजताना नत्र काही काळ अडकते, मग सुटते. युरियाने लुसलुशीत झालेल्या पानावर मावा आलाच, आणि मग तुम्ही पुन्हा दुकानात.

आधीचे पीक फायदाही ठेवून जाते. मक्याच्या मुळांतून सुटणाऱ्या बेंझॉक्साझिनॉइड रसायनांमुळे मातीतले सूक्ष्मजीव बदलतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या शेतचाचणीत, अशा मातीत पुढे घेतलेल्या गव्हाचे उत्पादन 4 टक्क्यांहून जास्त वाढले. मात्र मक्यावर मका घेतल्यावर, 2018 च्या अभ्यासात, रोपांवर अळी कमी पोसली, पण रोपे वाढीत मागे पडली. हे वाचून सूत्रकृमीच्या तुकड्यात मका पेरू नका, तो मक्यावरही पोसतो.

मृद आरोग्य पत्रिकेत अन्नद्रव्ये कळतात, सूत्रकृमी नाही. त्यासाठी मुळांजवळची 15 ते 20 सेंमी खोलीची ओलसर माती, थोड्या मुळांसह, पिशवीत बांधून सावलीत ठेवा आणि प्रयोगशाळेत द्या. ही माती वाळवायची नाही. पिशवीवर मागच्या दोन-तीन हंगामांची पिके लिहा.