रात्रीचं फरसाण आणि न आलेली पाळी

अगं बाळा, तुझा मेल वाचला. अकरावीत आहेस, उंची १५८ सेंमी, एका लग्नात मावशी सगळ्यांसमोर "काय गं, सुटलीस की" म्हणाली तेव्हापासून ५४ किलोवरून ४७ वर आलीस आणि डिसेंबरात दादाच्या लग्नापर्यंत ४३ करायचंय. सकाळी नुसती ब्लॅक कॉफी, डबा मैत्रिणीला, आणि रात्री सगळे झोपले की फरसाण संपवून रडत बसतेस. विचारलंयस काय तर, "ताई, रात्रीचं खाणं कंट्रोल कसं करू?" आणि अगदी शेवटी, जाता जाता, तीन महिने पाळी आली नाहीये.

मी शेवटापासूनच सुरू करते. खाणं फार कमी पडलं की मेंदू पाळीचे हार्मोन्स आवरते घेतो, मग इस्ट्रोजेन घटतं आणि मार बसतो हाडांना, आणि हाडं भरायचं वय नेमकं हेच आहे. थायरॉइड किंवा पीसीओडी (अंडाशय आणि हार्मोन्सचा त्रास) हेही असू शकतं, म्हणून गुगल करत बसू नको, याच आठवड्यात डॉक्टर. हिमोग्लोबिनही बघतील, १२ च्या खाली नको.

आता फरसाण. तू स्वतःला हावरट म्हटलंयस ते वाचून मला रागच आला. दिवसभर पोटात काही नाही, तर रात्री अकराला शरीर जे दिसेल ते ओढणारच, तेव्हा ते काय काकडी शोधत बसणारे का? आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून परत उपाशी, की रात्री परत तेच. त्यामुळे कंट्रोल रात्री नाही, दुपारी डब्यापाशी करायचाय.

तू मेलमध्ये म्हटलेला ऑनलाइन बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) कॅल्क्युलेटर बहुतेक मोठ्यांचा असणार, तुमच्या वयाचे चार्ट वेगळे असतात, बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात. ५४ ला तू जाड नव्हतीसच गं.

आई ओरडेल म्हणतेस. ओरडेलही. तरी आज एवढंच सांग, "आई, तीन महिने पाळी नाही, डॉक्टरकडे ने." आत गेल्यावर डब्याचं आणि रात्रीचंही सांग, नाहीतर ते नुसत्या गोळ्या देऊन पाठवतील. चक्कर येऊन पडत असशील किंवा मुद्दाम उलटी काढत असशील तर आठवडा नको, उद्याच जा. घरी बोलायला धीरच होत नसेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलता येतं.

डॉक्टर बघेपर्यंत वजनकाटा बंद. आणि उद्या डबा निम्मा तरी तू खा, मैत्रीण विचारेलच काय झालं म्हणून, तिला खरं सांगितलंस तरी चालेल.