रामानुजनांचे म्हैसूरचे घर आणि त्यांचे अनुवाद

तमिळ आणि कन्नड साहित्य इंग्रजीत आणणारे कवी ए. के. रामानुजन यांच्या लहानपणच्या घरात माडीवर इंग्रजी, स्वयंपाकघरात तमिळ आणि रस्त्यावर कन्नड अशी भाषांची वाटणी होती आणि म्हणूनच ते एवढे मोठे अनुवादक झाले, हे कितपत खरे आहे, असे आपण विचारले आहे. वाटणी खरी आहे. रामानुजनांनीच ती लिहून ठेवली आहे. ‘म्हणूनच’ हा शब्द मात्र मला पटत नाही. बेळगावाकडे कितीतरी घरांत मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी चालते, पण तेवढ्याने कोणी अनुवादक होत नाही.

१९२९ साली त्यांचा जन्म झाला ते घर म्हैसूरला स्थायिक झालेल्या तमिळ श्रीवैष्णव अय्यंगार ब्राह्मणांचे. वडील अट्टिपट असुरी कृष्णस्वामी गणिताचे प्राध्यापक होते आणि खगोलशास्त्र व फलज्योतिष या दोन्ही विद्या जाणत होते; त्यामुळे त्यांच्याकडे परदेशी गणितज्ञ येत, तसेच ज्योतिषीही येत. संस्कृत आणि इंग्रजी या आपल्या पितृभाषा, तर तमिळ आणि कन्नड या मातृभाषा, असे रामानुजन पुढे लिहितात. त्यांनी वडिलांचे जे शब्दचित्र रेखाटले आहे, त्यातील एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. मलमलीच्या धोतरावर इंग्रजी कोट चढवून, चौकटीचे मोजे आणि चकचकीत बूट घालून विद्यापीठात जाणारे हे गृहस्थ घराच्या आतल्या भागात पाऊल टाकण्यापूर्वी ते बूट आठवणीने काढून ठेवत. बाहेरचे जग कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, हे मुलाला वेगळे शिकवावे लागले नसेल. ते त्याला रोज दाराशी दिसत होते.

स्वयंपाकघरात रात्री मुलांना भरवताना, ती पेंगू नयेत म्हणून, आजी किंवा घरातली दुसरी एखादी वडीलधारी बाई गोष्टी सांगत असे. रामानुजनांनी इंग्रजीत आणलेली एक कन्नड लोककथा मी याच ओघात वाचतो. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे येत असते, पण ती ते कोणालाच सांगत नाही. आत कोंडून कंटाळलेली गोष्ट एके दिवशी, बाई झोपलेली असताना, तिच्या उघड्या तोंडातून निसटते आणि दाराबाहेर बुटांचा जोड होऊन बसते. गाणे कोट होऊन खुंटीला लटकते. नवरा घरी येतो आणि विचारतो, कोण आले आहे? बूट आणि कोट पुरुषाचे, पण त्यांच्यात दडलेले आहे ते बाईजवळचे. कृष्णस्वामींच्या दाराशी काढलेल्या बुटांशेजारी ही कथा ठेवून एकदा अवश्य वाचावी.

आता संगमकाव्याविषयी, म्हणजे जुन्या तमिळमधील प्राचीन कवितांविषयी. त्यांची कीर्ती मुख्यतः ज्या अनुवादांवर उभी आहे, ते याच कवितांचे, आणि त्या कविता या घराने त्यांच्या हाती दिलेल्या नाहीत. घरात बोलण्याची तमिळ होती, पण जुनी तमिळ ते कधी शिकलेच नव्हते. १९६२ साली शिकागो विद्यापीठात नव्याने गेले असताना, एका शनिवारी तिचे प्राथमिक व्याकरण शोधण्यासाठी ते ग्रंथालयाच्या तळघरात उतरले आणि तेथे त्यांना तमिळ पंडित उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १९३७ मध्ये संपादित केलेला प्राचीन कवितांचा संग्रह सापडला. त्यातील निवडक कवितांचे त्यांचे अनुवाद १९६७ साली प्रसिद्ध झाले. आपली परंपरासुद्धा आयती मिळत नाही, ती कष्टाने मिळवावी लागते, हे त्यांचे मत या अनुभवातून आले आहे.

घराने दिली ती बोलींमधले बारीक फरक टिपण्याची सवय, असे मी म्हणेन. तिला शास्त्राची शिस्त पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लागली. तेथील १९६३ चा त्यांचा प्रबंध कन्नडच्या, म्हणजे त्यांच्या रस्त्यावरच्या भाषेच्या, व्याकरणावर आहे. १९६८ मधला एक महत्त्वाचा लेख अय्यंगार आणि ब्राह्मणेतर मुदलियार यांच्या तमिळ बोलींची तुलना करतो, म्हणजे थेट स्वयंपाकघरातली भाषा अभ्यासाला घेतो.

संगमकाव्याचे दोन मोठे विभाग आहेत, ‘अकम्’ आणि ‘पुरम्’. ‘पुरम्’ म्हणजे बाहेरचे; ‘अकम्’ म्हणजे आतले, अंतःकरण, आणि घरसुद्धा. तमिळ ब्राह्मण बोलीत ‘घरी’ म्हणण्यासाठी ‘आत्तुले’ म्हणतात. ते याच ‘अकम्’चे झिजलेले रूप आहे. तळघरात सापडलेल्या त्या कवितांचा मुख्य शब्द अय्यंगारांच्या स्वयंपाकघरात असा रोज बोलला जात होता.