काजूच्या बागेभोवती जाळपट्टा कधी आणि कसल्या हवेत जाळावा?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीकडे काजूची बाग आहे, पश्चिमेला गवताळ कातळ, दरवर्षी तिकडून वणवा येतो, म्हणून मार्चमध्ये जाळपट्टा करायचा, म्हणजे वणवा अडावा म्हणून बागेच्या कडेच्या गवताचा एक पट्टा आधीच जाळून टाकायचा विचार आहे. पहिली गोष्ट, मार्च नको. वनखातं स्वतः 15 फेब्रुवारी ते 15 जून वणव्याचा हंगाम धरतं आणि जाळरेषा, म्हणजे असेच पट्टे, त्याच्या आधी उरकून घेतं. तुम्ही पावसाळा संपला की पट्ट्यातलं गवत कापून तिथेच वाळू द्या, आजूबाजूचं अजून हिरवट असतं तेव्हाच जाळून मोकळे व्हा, मोहोराला झळ आणि धूर लागायचाही प्रश्न राहत नाही.

आता हवेचं. आपल्याकडे खरा घोळ वाऱ्याचा आहे. शाळेत वाचलेले खारे वारे-मतलई वारे आठवतायत ना, तेच. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे म्हणजे पूर्वेकडून असतो, आणि साधारण अकरा-बाराच्या सुमारास उलटा फिरतो. तुमचा पट्टा बागेच्या पश्चिमेला, म्हणजे सकाळी जी आग बागेपासून लांब जात होती तीच दुपारी थेट झाडांवर येणार. म्हणून दहिवर सुकलं की सुरू करायचं, साडेआठ-नऊला वगैरे, आणि दहा-साडेदहाला विझवून मोकळं. तेवढ्या वेळात होईल एवढाच तुकडा घ्या, उरलेला उद्या.

पेटवायचं पट्ट्याच्या पश्चिम कडेने, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकत येते आणि ज्वाळा गुडघ्याखाली राहतात. दोन्ही कडा आधी मातीपर्यंत साफ हव्यात हे सांगायला नको. उतार असेल तर वरून खाली जाळा, खालून पेटवलं तर ती चढावर धावते, माणूस पुरा पडत नाही. आधी कोपऱ्यात हातभर गवत पेटवून धूर कुठे जातो बघा, गरगर फिरत असेल तर त्या दिवशी घरी जा. अजिबात वारा नसणंही वाईट, कारण मग तो कुठूनही सुटतो.

मेघदूत ॲपवर पुढच्या पाच दिवसांचा वारा, आर्द्रता दिसते. मी आर्द्रता 40 टक्क्यांखाली असेल तर काडी ओढत नाही. पूर्वेचा गरम कोरडा वारा जोरात असला की समुद्राचा वारा उशिरा येतो आणि पारा चढतो, ते दिवस तर सोडूनच द्या, कोणी कितीही म्हटलं की "आज मस्त पेटेल". मस्त पेटतं म्हणूनच नको!

शेजारी, पोलीस पाटील आणि वनरक्षक यांना आदल्या दिवशी सांगा. लागून राखीव जंगल असेल तर विचारल्याशिवाय नकोच, राखीव जंगलाला धोका होईल अशी आग लावणं 1927 च्या वन कायद्याच्या कलम 26 मध्ये गुन्हा आहे. विजेच्या तारेखालचा भाग जाळू नका, कापून घ्या. चार-पाच माणसं, हिरवे टहाळे, पाण्याने भरलेले फवारणी पंप एवढं पुरतं.

आणि सगळ्यात फसवं काय तर वाळलेलं शेण आणि जुनी खोडं. वरून राख दिसते, आत धुमसत असतं आणि दुपारच्या वाऱ्याला परत पेट घेतं. हाताची उलटी बाजू जवळ नेऊन बघा, ऊब लागली तर फोडून पाणी ओता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर परत एक चक्कर मारा.