थांग्का, म्हणजे कापडावरच्या तिबेटी बौद्ध चित्रांमध्ये मासे, शंख, गाठ अशी चिन्हं का असतात?

ती अष्टमंगल चिन्हं, तिबेटी लोक त्यांना ताशी ताग्ये म्हणतात. छत्र, सोनेरी माशांची जोडी, कलश, कमळ, शंख, गाठ, विजयध्वज आणि धर्मचक्र. बहुतेक सगळी मूळची भारतातलीच, बौद्ध धर्मासोबत तिकडे गेली. मासे म्हणजे मुळात गंगा-यमुना असं मानतात, पुढे अर्थ झाला संसारसागरात न बुडता बिनधास्त फिरणं. शंख उजव्या वळणाचा, आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून जो दुर्मिळ समजतात ना, तोच. चक्राला बहुतेक वेळा ८ आरे, अष्टांगिक मार्गाचे.

मला सगळ्यात भारी वाटते ती गाठ, एकच पट्टी काटकोनात वळत वळत स्वतःच्याच खालून-वरून जाते आणि परत स्वतःलाच येऊन मिळते, टोक शोधत बसा, सापडणार नाही, सगळं एकमेकांवर अवलंबून आहे हे दाखवायला याहून सोपं काय काढणार!

बाकी प्रत्येक थांग्कात आठही दिसतीलच असं नाही हं. आणि कधी कधी आठही एकमेकांत गुंफून कलशाचा एकच आकार करतात, तिथे वेगवेगळी ओळखायला जरा निरखून बघावं लागतं.